“दुसरं कधी?” या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी आजीचे महिने मोजा

संध्याकाळी सहाच्या सुमारास पिंपळे गुरवच्या राजमाता जिजाऊ उद्यानात जा. हे नाव फारसं कुणी घेत नाही, सगळे त्याला डायनासोर गार्डन म्हणतात. तिथे बाळाला कडेवर घेऊन आलेली आई दिसली की शेजारच्या बाकावरून चौकशी ठरलेली. आधी “केवढं झालं बाळ?” आणि लगेच “मग, आता दुसरं कधी?”

बाळ असतं आठ महिन्यांचं. आईच्या झोपेची थकबाकीही आठ महिन्यांची असते.

विचारणाऱ्या काकूंचा हेतू वाईट नसतो. पण या प्रश्नावर घरात जेव्हा खरंच बोलणं होतं, तेव्हा ते दोनच गोष्टींभोवती फिरतं. एक खर्च आणि दुसरं वय. पिंपरी-चिंचवडमध्ये या दोन्हींपेक्षा मोठी अडचण तिसरीच आहे. बाळाला धरायला घरात हात किती आहेत?

हा प्रश्न इथेच एवढा मोठा का?

पिंपळे गुरव हे पवनेकाठचं गाव. पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी आली, मग बजाज, टेल्को आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो कारखाने. 1970 मध्ये नवनगरपालिका झाली, 1982 मध्ये महापालिका. 2001 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 10 लाखांच्या आसपास होती, 2011 मध्ये ती 17 लाखांच्या पुढे गेली. म्हणजे दहा वर्षांत सात लाख माणसं वाढली, आणि त्यातली बरीचशी सातारा, सांगली, सोलापूर, लातूर, बीड, जळगाव अशा ठिकाणांहून पोटापाण्यासाठी आलेली. आली ती नवरा-बायको. आई-वडील गावीच राहिले, कारण तिथे शेत आहे, जनावरं आहेत आणि वन बीएचकेत त्यांचा जीव रमत नाही.

आता आपली जुनी पद्धत आठवा. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी. पहिल्या वेळी मुलगी आईकडे जाते. शेक-शेगडी, मालिश, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाराव्या दिवशी बारसं. सव्वा महिना ती बाळाशिवाय दुसरं काही बघत नाही, आणि पुष्कळ जणी तीन-तीन महिने राहून येतात. (शेगडीची ऊब ठीक, पण बंद खोलीत धुरी देऊ नका, बाळाच्या फुफ्फुसांना ती बाधते. घुटीचंही तसंच. सहा महिने आईचं दूध सोडून काहीच नाही, पाणीसुद्धा नाही.)

दुसऱ्या वेळी ती सासरी. या पद्धतीमागे हिशेब होता. सासरी जावा, नणंदा, सासूबाई असायच्या, त्यामुळे थोरलं लेकरू कुणाच्या तरी पाठीवर वाढायचं. आज ‘सासर’ म्हणजे पिंपळे गुरवमधला तोच वन बीएचके. सासूबाईंनी इथे यायचं तर सासरे गावी एकटे, आणि म्हशींच्या धारा कोण काढणार? मग त्या दोन-तीन महिने येतात, पेरणी किंवा सुगी आली की परत जातात.

म्हणून हिशेब मांडायचा तर आधी आजीचे महिने मोजा. माहेरची आजी किती महिने येऊ शकते, सासरची किती, आणि दोघी निघून गेल्यावर काय? समजा नवरा चाकणच्या कंपनीत पाळीवर आहे. पहिल्या पाळीला तो पहाटे अंधारातच कंपनीच्या बसमध्ये बसतो. रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसा झोपतो, आणि एकाच खोलीत बाळ रडत असतं. बायको हिंजवडीला किंवा भोसरीत कामाला. अशा घरात एक मूल कसंबसं पाळीपाळीने सांभाळलं जातं. दोन मुलं असली आणि त्यातलं एक तापलं, की कोणाची तरी रजा जातेच. ती बहुतेक वेळा बायकोची जाते.

अंगणवाडी आहे की, असं कुणी म्हणेल. अंगणवाडीतून लहान बाळांसाठी पोषण आहार मिळतो, लसीकरणाची आठवण होते. पण मुलांना बसवतात ती तीन वर्षांपासून, आणि तेही काही तासच. दीड वर्षाच्या लेकराला दिवसभर सांभाळणं हे तिचं काम नाही. उरतं खासगी पाळणाघर, आणि दोन मुलांसाठी दोन फिया.

डॉक्टर किती अंतर सांगतात?

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे : बाळाच्या जन्मानंतर पुढच्या गर्भधारणेचा प्रयत्न करण्याआधी किमान 24 महिने थांबा. यात बऱ्याच जणांचा घोळ होतो. 24 महिने हे दोन मुलांच्या वयातलं अंतर नाही. त्यात पुढचे नऊ महिने धरले की दोन मुलांत साधारण पावणेतीन वर्षं पडतात. उदाहरणार्थ, पहिलं बाळ सप्टेंबर 2025 मधलं असेल तर दुसऱ्याचा विचार सप्टेंबर 2027 नंतर, आणि दुसरं घरी येईल 2028 च्या जूनमध्ये. तोवर थोरलं नर्सरीत जाण्याच्या बेतात असतं, स्वतःच्या हाताने खातं आणि “मला शी आली” एवढं सांगू शकतं. ज्यांनी दोन डायपरवाली मुलं एकदम सांभाळलीत, त्यांना या शेवटच्या वाक्याची किंमत कळेल.

अंतर का ठेवायचं? गरोदरपण आणि अंगावर पाजणं यात आईच्या शरीरातलं लोह आणि इतर साठे खर्च होतात, ते भरून यायला वेळ लागतो. घाईघाईत राहिलेल्या गर्भात वेळेआधी जन्म आणि कमी वजन यांचा धोका जास्त दिसतो. पहिलं सिझर झालं असेल तर अंतर आणखी महत्त्वाचं, कारण फार लवकर दुसरी प्रसूती आली तर गर्भाशयावरची जुनी शिवण उसवण्याची भीती वाढते.

वयाचा मुद्दा मात्र खराच आहे, तो टाळून चालत नाही. पस्तिशीनंतर गर्भ राहण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. पहिलं मूल तिसाव्या वर्षी झालं असेल तर 24 महिने थांबायला काहीच हरकत नाही. पहिलंच पस्तिसाव्या वर्षी झालं असेल, तर किती थांबायचं हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून दिवस गेले नाहीत तर तपासणी करून घ्यावी, त्याआधीच्या वयात वर्षभर वाट पाहिली तरी चालते.

आणि आईचं मन. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत उगीच रडू येणं, चिडचिड होणं पुष्कळ जणींना होतं आणि आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही उदासी जात नसेल, बाळाकडे बघून काहीच वाटत नसेल, झोपायची संधी असूनही झोप लागत नसेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. ‘टेली मानस’च्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. पहिल्या खेपेला हा त्रास झाला असेल तर दुसऱ्या वेळी पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून दुसऱ्याचा विचार करताना डॉक्टरांना हे आधीच सांगा. घरात मात्र याला “कामचुकारपणा” म्हणायची सवय आहे. ती सवय गेली तर निम्मं काम होईल.

मधल्या काळात काय?

अनेकदा ‘दुसरं’ ठरवलं जात नाही, ते होऊन बसतं. “अंगावर पाजतेय म्हणजे दिवस राहत नाहीत” हा समज त्याचं मोठं कारण. तो अर्धा खरा आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त आईच्या दुधावर, आणि पाळी परत आलेली नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच संरक्षण मिळतं. यातली एक जरी सुटली तरी भरवसा नाही. पाळी येण्याआधीच दिवस जाऊ शकतात.

तांबी प्रसूतीनंतर 48 तासांच्या आत किंवा सहा आठवड्यांनी बसवता येते. ‘अंतरा’ हे तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, ते अंगावर पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर देतात. ‘छाया’ ही गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, हार्मोन नसलेली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. सरकारी दवाखान्यांत या गोष्टी मोफत मिळतात. पिंपळे गुरवकरांना पिंपरीचं वायसीएम आणि सांगवीपलीकडचं औंधचं जिल्हा रुग्णालय ही दोन मोठी ठिकाणं जवळची.

आणि पुरुषांचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली आहे. पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण अर्धा टक्काही नाही. पुरुषाची शस्त्रक्रिया जास्त सोपी, कमी जोखमीची आणि त्याच दिवशी घरी पाठवणारी. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्या कामापायी प्राध्यापकी गमावली. शंभर वर्षं उलटली, पण ही जबाबदारी अजून बायकोच्याच पदरात आहे.

नको असताना दिवस गेलेच, तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेऊ नका. गर्भनिरोधक साधन फसल्यामुळे राहिलेला गर्भ 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने कायदेशीरपणे काढता येतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती त्यासाठी पुरते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही.

दुसऱ्या बाळंतपणाला रजा कमी मिळते का?

नाही. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे. ज्या स्त्रीची आधीच दोन मुलं हयात आहेत तिला 12 आठवडे. प्रसूतीच्या आधीच्या 12 महिन्यांत किमान 80 दिवस काम झालेलं असावं, एवढी अट. हीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्येही आहे. ठेकेदाराकडे कामाला असलात तरी हा हक्क जात नाही, आणि कंत्राटाची मुदत रजेच्या मध्येच संपली म्हणून लाभ तोडता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केलं आहे.

पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय कापला जात असेल तर रजेचे पैसे कंपनी देत नाही, महामंडळ देतं. त्यासाठी आधीच्या दोन अंशदान कालावधींत किमान 70 दिवसांचं अंशदान भरलेलं लागतं. पगारपत्रकावर ईएसआयची कपात दिसते का, हे दिवस गेल्यावर शोधण्यापेक्षा आजच बघा. त्यावरच्या पगारात सगळा भार मालकावर पडतो. लग्न झालेल्या मुलीला मुलाखतीत “पुढचा काय प्लॅन?” असं का विचारतात, त्याचं मूळ इथे आहे.

50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर देणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. तुमच्या कंपनीत आहे का, ते एकदा एचआरला लेखी विचारा.

बाबांना? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला दोन मुलांपर्यंत 15 दिवस. खासगी कंपनीतल्या बाबांसाठी कायदाच नाही, कंपनीची मर्जी.

सरकारकडून पैसे मिळतात ते कोणत्या बाळाला?

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत, उत्पन्न वगैरे अटींत बसणाऱ्या कुटुंबात, पहिल्या बाळंतपणाला 5,000 रुपये आणि दुसरं अपत्य मुलगी असेल तर 6,000 रुपये मिळतात. दुसरा मुलगा झाला तर काही नाही. याचं कारण तुम्हाला माहीत आहे. पहिली मुलगी असेल तर “दुसरं कधी?” या प्रश्नात “मुलगा कधी?” लपलेला असतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्रानेच केला, केंद्राचा कायदा 1994 चा. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं, हे शाळेत सगळ्यांनी शिकलेलं असतं. सुनेला बोलताना ते नेमकं विसरलं जातं.

सोशल मीडियावर फिरणारा “दोन मुलांचा नियम” तिसऱ्यापासून लागू होतो. सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालेल्यांना राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थेची निवडणूक लढवता येत नाही, आणि राज्य सरकारी नोकरीसाठी मार्च 2006 नंतरच्या तिसऱ्या मुलाची आडकाठी आहे. आंध्र प्रदेशाने निवडणुकीचा असा नियम 2024 मध्ये काढून टाकला. दुसऱ्या मुलाशी यातल्या कशाचाच संबंध नाही.

आणि एकावरच थांबलो तर?

तर तुम्ही एकटे नाही. महाराष्ट्रातला एकूण प्रजनन दर 1992-93 च्या पाहणीत 2.9 च्या घरात होता, 2019-21 मध्ये तो 1.7 झाला. देशाचा 2.0 आहे. 2007 मध्ये सातारा जिल्हा परिषदेने ‘दुसरा मधुचंद्र’ नावाची योजना काढली होती. नवदांपत्याने पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर 5,000 आणि तीन वर्षं लांबवलं तर 7,500 रुपये. आज त्याच साताऱ्याहून इकडे आलेल्या कितीतरी जोडप्यांना घराचा हप्ताच फुकटात थांबायला लावतो.

“एकटं मूल हट्टी होतं, एकलकोंडं होतं” हे ऐकावं लागेलच. टोनी फाल्बो आणि डेनिस पोलिट या संशोधकांनी 1986 मध्ये असे 115 अभ्यास एकत्र तपासले. स्वभाव आणि मिळून-मिसळून वागणं यांत एकुलती मुलं इतरांपेक्षा मागे नव्हती, आणि आई-वडिलांशी त्यांचं नातं थोडं जास्त चांगलं दिसलं. आता भावंड असण्यातली मजा कुठल्या अभ्यासात मोजता येत नाही, हेही खरं. आई-वडील म्हातारे झाल्यावर दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून बोलायला कुणीतरी असणं, ही छोटी गोष्ट नाही. ज्यांना दुसरं हवंसं वाटतं ते बहुधा याच कारणाने.

त्यासाठी बाळ दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत तरी हा विषय बंद ठेवायला हरकत नाही. मग एखाद्या रविवारी, बाळ झोपल्यावर, दोघांनी कागद घेऊन बसायचं. पुढच्या तीन वर्षांत कोणत्या महिन्यात घरात कोण असेल, ते लिहायचं. गावाकडच्या आईला फोन करून स्पष्ट विचारायचं, “तू किती दिवस येशील?” ती आधी “हवं तेवढे दिवस” म्हणेल. मग दिवाळीनंतर ज्वारीची राखण कोण करणार, असं विचारा, म्हणजे खरा आकडा सांगेल.