पाणबुडीवरील नाविकाची माता

दुःखालाही इतिहास असतो, ही गोष्ट आपल्या इतिहासलेखकांच्या ध्यानात सहसा येत नाही. मुलाला रणांगणावर धाडणाऱ्या मातेचे दुःख पुरातन आहे. मुलाला दर्यावर धाडणाऱ्या मातेचे दुःखही कोकणपट्टीस नवे नाही. परंतु दर्याच्या पोटात उतरलेल्या मुलाची वाट पाहत राहणे भारतीय मातेच्या वाट्यास केव्हा आले, याची तारीख निश्चित सांगता येते. ८ डिसेंबर १९६७ रोजी तत्कालीन सोव्हिएत संघातील रिगा बंदरात ‘कलवरी’ ही पाणबुडी भारतीय आरमारात दाखल झाली. आपली ही पहिली पाणबुडी. तिच्या नाविकांची नावे आरमाराच्या दफ्तरी नोंदली गेली. त्यांच्या माता कोणत्याही दफ्तरी नाहीत. या मातांविषयी दोन शब्द लिहिण्याचा येथे विचार आहे.

प्रथम जुन्या काळाकडे पाहू. सन १६७९ मध्ये शिवछत्रपतींनी मुंबईच्या तोंडाशी असलेले खांदेरी बेट बांधून काढण्याचे काम मायनाक भंडारी यांजवर सोपविले. हे बेट हातचे जाऊ नये म्हणून इंग्रजांनी आपली गलबते आडवी घातली. पण आमच्या भंडारी-कोळी खलाशांनी लहान होड्यांतून, काळोखाचा व उथळ पाण्याचा फायदा घेऊन, बेटावर रसद पोहोचविणे सोडले नाही. अखेर इंग्रजांस माघार घ्यावी लागली. या झुंजीतील गलबतांचा व तोफांचा तपशील कागदोपत्री सापडतो. त्या होड्या वल्हविणाऱ्यांच्या आयांविषयी मात्र इतिहास मुका आहे. तथापि त्या आयांना एक आधार होता, तो हा की, थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी नजरेस पडते. शीड दिसे, जाळ दिसे, तोफेचा आवाज कानी येई. वाईट घडले तरी ते डोळ्यांदेखत घडे.

त्याच खांदेरीचे नाव पुढे पाणबुडीस मिळाले. त्या नावाची पहिली पाणबुडी डिसेंबर १९६८ मध्ये आरमारात आली व १९८९ साली निवृत्त झाली. दुसरी मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली जाऊन २८ सप्टेंबर २०१९ रोजी दाखल झाली. नाव तेच राहिले, पण किनाऱ्यावर उभे राहून पाहण्याची सोय मात्र संपली.

आता घाट चढून देशावर येऊ. निगडी हे मुंबई-पुणे रस्त्यावरील एके काळचे लहानसे खेडे. पिंपरीस १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला, त्यापाठोपाठ इतर कारखाने आले, आणि १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन होऊन निगडीच्या माळावर कामगारांच्या व कारकुनांच्या वसाहती वसल्या. येथून समुद्र दिसत नाही. तथापि आरमार येथून वाटते तितके दूर नाही. जवळच्या आकुर्डी स्थानकावरून लोणावळ्याची लोकल मिळते, आणि लोणावळ्यास १९४५ च्या फेब्रुवारीपासून ‘शिवाजी’ ही आरमाराच्या यंत्रविद्येची शाळा चालू आहे. डोंगरात, समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवर, आगबोटीची यंत्रे शिकविणारी ही शाळा पाहून नवख्या माणसास नवल वाटते.

कारखान्याच्या गावातील गृहिणीला वाट पाहण्याची एक ठरीव रीत अंगवळणी पडलेली असते. पहिली पाळी केव्हा सुटते, दुसरी केव्हा लागते, हे भोंगा सांगतो. भोंगा झाला की चहाचे आधण ठेवावे. तासभर उशीर झाला तर शेजारच्या घरी विचारावे. रात्र झाली तर कारखान्याच्या फाटकाशी जावे. अशा घरातील मुलगा पाणबुडीवर गेला म्हणजे आईची ही सगळी विद्या एकाएकी निरुपयोगी होते. तेथे पाळी कधी सुटणार ते ठाऊक नसते, भोंगा नसतो, आणि जाऊन उभे राहावे असे फाटकही नसते.

असे का, हे समजण्यास पाणबुडीचा धर्म थोडा समजून घेतला पाहिजे. डिझेलवर चालणारी पाणबुडी पाण्याखाली विद्युत्घटांवर चालते. ते घट भरण्यासाठी तिला पृष्ठभागाजवळ येऊन हवा घ्यावी लागते, आणि नेमक्या त्याच वेळी ती शत्रूच्या दृष्टीस पडण्याचे भय अधिक असते. एरवी तिचे सारे बळ कोणासही तिचा ठाव न लागण्यात आहे. साध्या बिनतारी लहरी खाऱ्या पाण्यात शिरत नाहीत. अतिदीर्घ लहरीच काही मीटर खोल पोहोचतात. त्या सोडण्यासाठी तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ ‘कट्टबोम्मन’ हे आरमारी केंद्र १९९० साली उभारले गेले. पण त्या लहरी उत्पन्न करण्यास प्रचंड उंचीचे मनोरे लागतात. ते पाणबुडीवर मावत नाहीत. म्हणून खोल पाण्यातील पाणबुडी ऐकते, पण त्या वाटेने उत्तर देऊ शकत नाही. ब्रिटनच्या अणुपाणबुड्यांवर घरच्यांचे मोजक्या शब्दांचे पत्र नाविकास पोहोचविण्याची प्रथा आहे. त्यासही उलट उत्तर नाही. घरी कोणाचा मृत्यू झाला तर ते सफरीतच कळवावे की परतल्यावर, हे नाविकाने निघण्यापूर्वीच सांगून ठेवायचे असते.

तेव्हा मौन हे या सेवेचे चिलखत आहे, आणि ते चिलखत नाविकाबरोबर त्याच्या आईसही घालावे लागते. मुलगा कोठे आहे, हे ती विचारीत नाही. कोणी विचारले तर “नोकरीवर आहे” एवढेच सांगते. हे मौन ती समजून-उमजून पाळते, कारण मुलाचा जीव त्यावर अवलंबून आहे हे तिला कळते.

परंतु मौनाचा दुसराही एक प्रकार आहे, आणि पहिल्याच्या नावावर तो खपविला जातो. १२ ऑगस्ट २००० रोजी बॅरेंट्स समुद्रात ‘कुर्स्क’ ही रशियन पाणबुडी बुडून ११८ जण मरण पावले. अपघाताची पहिली सरकारी वार्ता दोन दिवसांनी बाहेर पडली, आणि तीतही किरकोळ बिघाडाचीच भाषा होती. त्यानंतर अधिकाऱ्यांनी नातलगांची सभा घेतली. तीत एका नाविकाच्या आईने उठून जाब विचारला, तेव्हा भर सभेत तिला गुंगीचे औषध टोचून बाहेर नेण्यात आले. औषध कोणाच्या सांगण्यावरून टोचले, याविषयी पुढे वाद झाला. दृश्य मात्र साऱ्या जगाने पाहिले. आपल्या किनाऱ्यावरचे उदाहरण घ्यावयाचे तर १९७१ च्या युद्धारंभी विशाखापट्टणमसमोर बुडालेल्या पाकिस्तानच्या ‘गाझी’चे घ्यावे. तीवर नव्वदाहून अधिक माणसे होती. ती कशाने बुडाली, याविषयी दोन्ही देशांची कथने अद्याप जुळत नाहीत. शत्रूच्या नाविकालाही आई असते, आणि मुलगा नेमका कशाने गेला हे त्या आयांना निर्विवादपणे कोणी सांगितले नाही.

मग आपल्याच घरची आपत्ती आली. १३ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या आरमारी गोदीत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीवर स्फोट झाले, आग भडकली आणि धक्क्याशीच ती बुडाली. रशियातून डागडुजी होऊन ती त्याच वर्षी परतली होती. आतील अठराही जण गेले. स्वातंत्र्यदिन एका दिवसावर आला होता. या प्रसंगातील विशेष क्रूर गोष्ट ही की, पाणबुडी समुद्रात नव्हती. ती बंदरात आहे म्हणजे सुखरूप आहे, असे समजून घरोघरच्या आयांनी त्या रात्री निर्धास्तपणे पाठ टेकली असेल. देह ओळखू येण्याजोगे न राहिल्यामुळे आप्तांच्या जनुकांशी ताडून त्यांची ओळख पटवावी लागली. ज्या रक्ताने मुलाला जन्म दिला, त्याच रक्ताच्या साक्षीने त्याला ओळखण्याची वेळ यावी, याहून कठीण कसोटी कोणती? पुढे सहा महिन्यांनी, २६ फेब्रुवारी २०१४ रोजी, ‘सिंधुरत्न’वर धुराने दोन अधिकारी मरण पावले, आणि आरमारप्रमुख ॲडमिरल देवेंद्रकुमार जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून त्याच दिवशी पदत्याग केला. या त्यागाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु पदत्यागाने जबाबदारी कोणाची हे कळते. कारण काय हे कळत नाही.

आम्हास जे म्हणावयाचे आहे ते एवढेच. पाणबुडीवरील नाविकाच्या आईने राष्ट्राशी एक अलिखित करार केलेला असतो. मुलगा कोठे आहे हे विचारणार नाही, असे वचन ती देते आणि पाळते. मुलगा का गेला हे विचारणार नाही, असे वचन मात्र तिने कधीच दिलेले नसते. पहिल्या मौनाने पाणबुडी वाचते. दुसऱ्या मौनाने फार तर कोणाची खुर्ची वाचते, आणि पुढच्या पाणबुडीचा धोका तसाच राहतो. बुडालेल्या पाणबुडीची चौकशी पुरी करून तिचे सार आईस तिच्या भाषेत सांगणे हे उपकाराचे काम नसून ऋण फेडण्याचे आहे.

निगडीच्या एखाद्या घरात आजही कोणी आई दूरध्वनी उशाशी ठेवून निजत असेल. तो रात्रभर वाजला नाही, तर सकाळी ती तेवढ्यावर समाधान मानते आणि कामाला लागते. त्या न वाजण्याचा अर्थ मुलगा सुखरूप आहे असाच असावा, एवढे तरी राष्ट्राने तिला देणे लागते.