माळव्याची वाट आणि पडद्यावरची रॅली

भोपाळच्या वायव्येस, ब्यावऱ्यावरून, आग्रा–मुंबई रस्ता माळव्यातून इंदूरकडे जातो. १९६८ सालच्या अखेरीस माळव्यातून एक विलक्षण तांडा गेला. २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ मोटारी सिडनीस जाण्यासाठी निघाल्या होत्या. युरोप, तुर्कस्तान, इराण व अफगाणिस्तान ओलांडून ज्या टिकल्या, त्या दिल्लीस आल्या, आणि तेथून आग्रा व इंदूरवरून सुमारे १,४०० किलोमीटरची मजल मारीत मुंबईकडे धावल्या. ७२ मोटारी मुंबईस पोहोचल्या. त्यांना ‘चुसान’ जहाजाने ऑस्ट्रेलियास नेले. लंडन–सिडनी मॅरेथॉन ती हीच.

रॅली ही नेहमीची शर्यत नव्हे. तीत गाड्या खांद्यास खांदा लावून धावत नाहीत. प्रत्येकीची झुंज घड्याळाशी व वाटेशी असते, आणि चालकाच्या शेजारी नकाशा व नोंदी घेऊन एक वाटाड्या बसलेला असतो. रस्ता, हवा, रात्र व झोप हे सारेच प्रतिस्पर्धी. असा प्रकार व्हिडिओ गेमच्या पडद्यावर आणावयाचा तर त्यातील काय घ्यावे आणि काय टाकावे, हा प्रश्न खेळ रचणाऱ्यांपुढे उभा राहणारच.

आरंभी त्यांनी केवळ नाव घेतले. १९८० साली जपानच्या नाम्को कंपनीने काढलेला ‘रॅली-एक्स’ हा वस्तुतः चक्रव्यूहातील पाठलाग होता. ‘पोल पोझिशन’ (१९८२) किंवा ‘आउट रन’ (१९८६) ह्या खेळांत डांबर सोडताच गाडी मंदावे. बैलगाडी जेथे सुखाने चालते, ती जमीन ह्या खेळांच्या लेखी निव्वळ शिक्षा होती!

ही दृष्टी पालटली ती १९९५ साली, सेगा कंपनीच्या ‘सेगा रॅली’ने. तेत्सुया मिझुगुची व त्यांच्या सहकाऱ्यांनी डांबर, खडी व चिखल ह्यांवर चाकाची पकड निरनिराळी ठेवली. घसरणे हा दोष न राहता ती एक कला झाली. वळण येण्यापूर्वीच गाडी आडवी करून ते साधावयाचे. पुढील वळणाची सूचना देणारा आवाजही ह्या खेळात होता. तीन वर्षांनी ‘कॉलिन मॅक्रे रॅली’ने त्या आवाजास माणूस दिला. १९९५चा जगज्जेता मॅक्रे ह्याचा खराखुरा वाटाड्या निकी ग्रिस्ट त्यात बोलत होता. मोडतोडीचा हिशेब पुढील टप्प्यात चालू राही, आणि दुरुस्तीस वेळ मोजका मिळे. २००४च्या ‘रिचर्ड बर्न्स रॅली’ने तर खरेपणाचा इतका आग्रह धरला, की नवख्यास पहिला टप्पा पुरा करणेही जड जावे.

मातीचे शिक्षण मात्र पुढेही चालूच राहिले. २००७च्या ‘सेगा रॅली’त चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या फेरीगणिक खोल होत. २०१४च्या ‘स्पिनटायर्स’मध्ये वेगास किंमतच नाही. अवजड ट्रक चिखलात रुततो आणि झाडाला तारदोर बांधून तो ओढून काढावा लागतो. भोपाळच्या परिसरात विंध्याचा वालुकाश्म आणि माळव्याची काळी रेगड एकमेकांस भेटतात. पावसाळ्यात त्या रेगडीत बसलेले चाक ज्याने पाहिले असेल, त्याला ह्या खेळाचे मर्म सांगावे लागणार नाही.

परंतु माळवा स्वतः ह्या खेळांत सहसा आढळत नाही. फिनलंडची अरण्ये, वेल्सचा चिखल, केनियाची धूळ भोपाळच्या मुलालाही घरबसल्या तोंडपाठ होते. त्याचे कारण उघड आहे. ह्या खेळांचे नकाशे बहुधा जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेच्या मागोमाग आखले जातात आणि त्या स्पर्धेची फेरी भारतात कधी झालेली नाही. त्यातही काही मिनिटांचे बंदिस्त टप्पे तेवढे उचलले गेले; दोन टप्प्यांमधील लांबच लांब वाट, बघ्यांची दाटी, अनोळखी गाव गळून गेले.

आणखी एक गोष्ट गळली. बहुतेक खेळांत वाटेवर थांबणे म्हणजे केवळ वेळ दवडणे. ‘डकार १८’ ह्या २०१८च्या खेळात खेळणारा गाडीतून उतरून वाळूत फसलेल्या दुसऱ्यास साहाय्य करू शकतो, हा अपवादच म्हणावयाचा.

१९६८च्या त्या मॅरेथॉनमध्ये असे थांबणे खरोखरीच घडले. सिडनी जवळ येत असता, आघाडीवर असलेल्या ल्युसियन बियांकी व ओजिए ह्यांच्या सिट्रोएनची समोरून येणाऱ्या गाडीशी टक्कर झाली. मागून येत असलेल्या पॅडी हॉपकर्क ह्याला विजयाची आशा होती. तरीही त्याने गाडी थांबविली, आणि तो व त्याचे दोघे साथी जखमींच्या मदतीस धावले. विजय अँड्र्यू कॉवन व त्याच्या साथीदारांच्या हिलमन हंटरला मिळाला. हॉपकर्कचा क्रमांक दुसरा लागला.