रॅगिंगविरोधी कायदा : एका व्याख्येचा इतिहास

कायदा हीदेखील एक संहिताच असते. तिच्यात कोणते शब्द आहेत याइतकेच, कोणते नाहीत हेही वाचावे लागते. महाविद्यालयांतील छळाला आळा घालू पाहणाऱ्या कायद्यांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

नोव्हेंबर १९९६ मध्ये तामिळनाडूतील अण्णामलै विद्यापीठात पोन नवरसू या वैद्यकीय शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची हत्या झाली. त्यानंतर १९९७ मध्ये त्या राज्याने, १९९८ मध्ये केरळने आणि १९९९ मध्ये महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा केला. महाराष्ट्राच्या कायद्यातील व्याख्या बरीच व्यापक होती. शारीरिक व मानसिक इजेबरोबर भीती, लाज आणि संकोच यांनाही तिने स्थान दिले. विद्यार्थी एरवी स्वखुशीने करणार नाही असे काही त्याला करायला सांगणे, हाही गुन्हा ठरवला. 'जरा गंमत केली' या सबबीला तेथे जागा उरली नाही.

शिक्षेची तरतूद दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. तथापि अधिक मूलगामी तरतूद संस्थाप्रमुखाविषयीची आहे. तक्रार आल्यावर त्याने सात दिवसांत चौकशी करावयाची. तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास त्याने गुन्ह्याला साहाय्य केले असे मानले जाते. कायद्याने येथे मौनालाच कृती मानले आहे.

मात्र या व्याख्येतील विद्यार्थी केवळ 'विद्यार्थी' आहे. त्याला जात नाही, धर्म नाही, भाषा नाही. छळ म्हणजे ज्येष्ठाने कनिष्ठाला दिलेला त्रास, हे गृहीतक तिच्यामागे दिसते. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशात अमन काचरू या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी विनियम केले. जात, धर्म, लिंग, भाषा, आर्थिक स्थिती अशा आधारांवर होणारा छळ रॅगिंगच्या व्याख्येत आला तो २०१६ च्या दुरुस्तीने.

मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातील पदव्युत्तर विद्यार्थिनीचा मृत्यू झाला, तेव्हा राज्याच्या रॅगिंगविरोधी कायद्याबरोबर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचाही आधार घेण्यात आला. म्हणजे एकाच आरोपाचे वर्णन करण्यासाठी दोन संहिता लागल्या; वसतिगृहाची भाषा एकीत होती, समाजाची दुसरीत. त्याच वर्षी तिची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला यांनी शिक्षणसंस्थांतील जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.

नवरसूपासून तडवीपर्यंत प्रत्येक नव्या शब्दाआधी एक मृत्यू आहे. अध्यापक म्हणून आपणांस अस्वस्थ करणारी बाब हीच. प्रवेशयादीवरून होणारी कुजबुज, आडनाव विचारण्याची पद्धत, उच्चारांवरचे हसू आपल्या वर्गात कायद्याच्या कितीतरी आधी ऐकू येते. शब्दांचे अर्थ शिकवणे हा ज्यांचा व्यवसाय, त्यांनी हे अर्थ ओळखण्यासाठी पुढच्या दुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही.