नवसागराचं कोडं आणि चार जोड्या

कल्हई करताना तापल्या भांड्यात जी पांढरी पूड टाकतात तो नवसागर, म्हणजे अमोनिअम क्लोराइड. एकोणिसाव्या शतकातल्या रसायनज्ञांना या पुडीनं फार छळलं. एका नायट्रोजनपाशी चार हायड्रोजन, वर आणखी एक क्लोरीन! नायट्रोजनची संयुजा तीनच असं धरून चालणारा केकुले म्हणे, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन पुरे रेणू इथे नुसते एकमेकांलगत आहेत. इतरांनी नायट्रोजनला सरळ पाच संयुजा देऊन टाकली.

हा गुंता सोडवला गिल्बर्ट लुईसच्या ठिपक्यांनी. १९०२ मध्ये हार्वर्डला शिकवत असताना तो अणू घनाकृती काढी, आठ कोपऱ्यांवर आठ इलेक्ट्रॉन. पण दोन घन एकमेकांना कसेही चिकटवले तरी तिहेरी बंध काही दाखवता येईना. १९१६ च्या, बर्कलीहून लिहिलेल्या निबंधात त्यानं मूळ गोष्ट पकडली: बंध म्हणजे दोन अणूंनी मिळून वापरलेली इलेक्ट्रॉनची जोडी. दोन चिन्हांमध्ये दोन ठिपके, एवढीच खूण.

आता अमोनिअम मांडून पाहा. नायट्रोजनचे बाह्य इलेक्ट्रॉन ५, चार हायड्रोजनचे ४, एकूण ९. आयनावर एक धनप्रभार, म्हणून एक वजा. उरले ८, म्हणजे चार जोड्या, चार बंध. अमोनियात नायट्रोजनपाशी एक जोडी मोकळी असते. इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन येऊन तिच्यात वाटेकरी होतो. एकदा बंध जुळला की चौघांत नवा कोण, जुना कोण, हे ओळखता येत नाही. म्हणून प्रभारही कुणा एकाचा नाही. सगळी आकृती चौकटी कंसात घालून धनचिन्ह बाहेर लिहितात, ते याचसाठी. आणि क्लोरीन? तो स्वतःचे आठ ठिपके घेऊन वेगळा. नायट्रोजनशी त्याचा बंधच नाही, फक्त विद्युत आकर्षण. लुईसनं हे त्याच निबंधात स्पष्ट लिहिलं. माझ्या मते इतक्या साध्या खुणेनं इतका जुना वाद मिटल्याची उदाहरणं रसायनशास्त्रात थोडीच आहेत.

१९१९ पासून लँगम्यूरनं ही कल्पना गाजवली आणि आठाचा आकडा सगळ्यांच्या तोंडी बसला. लुईसनं मात्र १९२३ च्या पुस्तकात जोडीचा नियम आठाच्या नियमाहून मूलभूत मानला. सल्फर हेक्झाफ्लोराइडच्या नेहमीच्या आकृतीत गंधकाभोवती १२ ठिपके येतात. आठ मोडतात, जोड्या टिकतात. शिक्षकांनी फळ्यावर आधी जोडी शिकवावी, आठ मागाहून.