कार्डावर उतरलेली हस्तकला : एका साध्या पद्धतीचा इतिहास

संस्था पन्नास वर्षे उभी राहते. तिच्या युवक मंडळातील मुलेमुली मात्र चार-सहा वर्षांत शिक्षण, नोकरी वा विवाहानिमित्त गाव सोडतात. त्यांच्याबरोबर त्यांच्या हातातील कलाही जाते. मंडपासाठी कागदी तोरण कसे कातरावे, जुन्या पोथीचे वेष्टन कसे शिवावे, हे जाणणारा दूर गेला की नव्या तुकडीला पुन्हा ओनामापासून आरंभ करावा लागतो. ही हानी टाळण्याचा एक अल्पमोली उपाय म्हणजे कार्ड. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी त्याच्या इतिहासाचा अल्पसा आढावा घेणे उचित ठरेल.

सुट्या पानांवर ज्ञान जतन करण्याची रीत आपणांस अपरिचित नाही. ताडपत्राची वा कागदाची सुटी पाने, वरखाली लाकडी पाट्या आणि भोवती वेष्टन, हे पोथीचे रूप आपल्या ग्रंथभांडारांत आजही पाहावयास मिळते. परंतु पोथीतील पानांचा क्रम ठरलेला असतो. नवी भर घालता यावी आणि क्रम हवा तेव्हा बदलता यावा, ही सोय कार्डाने दिली. अठराव्या शतकात स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी उत्तरायुष्यात आपल्या नोंदींसाठी एकाच मापाच्या चिठ्ठ्या वापरल्या. १७९१ मध्ये क्रांतिकालीन फ्रान्समध्ये जप्त ग्रंथालयांची सूची करण्यासाठी चक्क खेळण्याच्या पत्त्यांच्या कोऱ्या पाठी उपयोगात आणल्या गेल्या. आपल्या पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली संस्कृत महाकोशाचे कार्य सुरू झाले. सुमारे १,५०० ग्रंथांतून शब्द टिपून तेथे सुमारे एक कोटी चिठ्ठ्या सिद्ध झाल्या. कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. काम पिढ्यान्‌पिढ्या चालले, हात बदलत गेले. चिठ्ठ्यांमुळे त्याचा धागा तुटला नाही.

हस्तकला शिकविताना क्रमाला किती महत्त्व आहे, हेही इतिहास सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वीडनमधील नेस येथे ओट्टो सालोमन यांनी 'स्लॉइड' या हस्तव्यवसाय-शिक्षणाची पद्धत विकसित केली. सोप्या वस्तूपासून अवघड वस्तूकडे जाणारी नमुन्यांची मालिका आणि तयार होणारी वस्तू घरात उपयोगी पडावी हा आग्रह, ही तिची वैशिष्ट्ये होत. आपल्याकडे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणण्याचा विचार मांडला.

कार्ड आणि क्रम या दोहोंचा सुरेख मेळ आंध्र प्रदेशातील मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅली परिसरातील ग्रामीण शाळांत घातला गेला. एकाच खोलीत अनेक इयत्तांची मुले बसत. म्हणून पाठ्यपुस्तकाऐवजी लहान लहान कृतींची कार्डे तयार झाली. प्रत्येक कार्डावर चिन्ह व क्रमांक, आणि भिंतीवर त्यांची 'शिडी'. मूल आपली पायरी पाहून आपले कार्ड स्वतः उचलते. अडल्यास मोठे मूल साहाय्य करते. याच धर्तीवर १९९५ मध्ये कर्नाटकातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात 'नलि-कलि' उपक्रम सुरू झाला.

या इतिहासातून युवक मंडळाने काय घ्यावे? एका वस्तूला एक कार्ड, पोस्टकार्डाएवढे. दर्शनी बाजूस नाव, चित्र, साहित्य, लागणारा वेळ आणि किती हात हवेत याची नोंद. मागील बाजूस क्रमवार कृती, एका ओळीत एकच क्रिया. कागदकाम, शिवण, रांगोळी अशा प्रत्येक विभागाला वेगळ्या रंगाची पट्टी असावी आणि विभागात सोप्याकडून अवघडाकडे क्रमांक द्यावेत. कात्री वा सुई लागत असल्यास तशी खूण ठळक करावी. कार्ड तयार होताच ज्याने ती वस्तू कधीच केली नाही अशा सभासदाच्या हाती द्यावे. तो जेथे अडेल तेथील ओळ पुन्हा लिहावी. हीच कार्डाची खरी परीक्षा होय. कार्डाच्या तळाशी थोडी जागा कोरी ठेवावी, म्हणजे पुढील तुकडीला स्वतःचा अनुभव नोंदविता येईल.

कार्डाची मर्यादाही ध्यानी घ्यावयास हवी. खळीसाठी मैदा किती व पाणी किती, हे त्यावर लिहिता येते. पण खळ बोटाला कशी लागली म्हणजे पुरेशी दाट झाली, हे जाणत्या हातानेच दाखवावे लागते. म्हणूनच आज आपल्यात असलेल्या ज्येष्ठ माताभगिनी व बंधूंजवळ बसून युवकांनी ही कार्डे लिहून घ्यावीत, आणि लिहिताना ती वस्तू स्वतःच्या हाताने करूनही पाहावी. हे काम पुढील महोत्सवापर्यंत लांबणीवर टाकण्यासारखे नाही. काही हात आजच थकले आहेत. संस्थेच्या कपाटात हिशेबाच्या वह्यांशेजारी अशा कार्डांची एक पेटी उभी राहिली, तर येणाऱ्या पिढीसाठी तो अनमोल ठेवा ठरेल, यात शंका नाही.