पळीभर तेलाचा मठ

चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, गौताळा अभयारण्याच्या झाडीत चंडिकादेवीचे जुने दगडी देऊळ आहे. पाटणादेवी म्हणून सारा खानदेश नवरात्रात तिथे लोटतो. इथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्यात शके ११२८ हे साल येते, म्हणजे इसवी सनाच्या १३ व्या शतकाचा आरंभ. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथेच, पाटणला, मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिले, असे लेख सांगतो. आपण मात्र या लेखाला एकच प्रश्न विचारत आलो: भास्कराचार्य इथलेच का? ते स्वतः आपले गाव सह्याद्रीजवळचे विज्जलविड असे सांगतात, आणि ते नेमके कुठले यावर एकमत नाही. माझ्या मते लेखाचे खरे मोल त्या वादात नाही, त्याच्या शेवटच्या ओळींत आहे.

वंशावळ आणि स्तुती संस्कृतात आहे. देण्याघेण्याचा विषय निघाला की लेख मराठीत बोलू लागतो. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. जितके घाणे चालतील तितक्यांकडून पळी पळी तेल. जे मापायचे ते मठाच्याच मापाने मापायचे आणि मापणावळीतला अर्धा वाटा मठाचा. आज जिथे जंगल आहे तिथे बाजारपेठ होती याला याहून बोलका पुरावा कोणता हवा? सुपारी खानदेशात पिकत नाही, ती घाट चढून-उतरूनच इथे येणार.

कोणी म्हणेल, दानपत्रात लिहिले म्हणजे ते अमलात आले असे नाही. खरे आहे, पण नुसत्या कीर्तीसाठी कोरलेल्या लेखात पळी आणि माप कशाला येईल? हे नियम तेली आणि दुकानदारांना कळावेत म्हणूनच त्यांच्या बोलीत आहेत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हा कर होता, स्वखुशीची देणगी नव्हे. इंग्लंडातल्या गावचर्चलाही शेतकरी पिकाचा दहावा हिस्सा देत, तोही सक्तीचाच. तरी मठातला दिवा कोणाच्या तेलावर जळला, हे सक्तीने बदलत नाही. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणी या ग्रंथाच्या अध्ययनाचा खर्च पाटणच्या घाण्यांनी आणि गिऱ्हाइकांनी उचलला, आणि त्यांतल्या एकाचेही नाव दगडावर नाही. यंदा देवीला गेलात तर त्या शेवटच्या ओळींपुढे दोन मिनिटे थांबा.