नेम आणि न्याय

श्रोतेहो, गावच्या जत्रेतला कुस्त्यांचा फड आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. हलगी कडाडत असते, दोन मल्ल मातीत झोंबत असतात आणि एकाएकी कल्ला उठतो. एक बाजू म्हणते, "चीत झाला!" दुसरी म्हणते, "छे, खांदा टेकलाच नाही!" मग सगळे पंचाकडे वळतात. पंच त्या वेळी कुठे उभा होता, त्याला नीट दिसले का, तो मुळात कोणत्या गावचा, इथपर्यंत वाद जातो. अशा वेळी वाटते, ज्या खेळात मागे खूण राहते तो खेळ बरा. नेमबाजीचेच घ्या. गोळी सुटली, पाटीला भोक पडले. ते मध्यावर आहे की बाजूला, हे शाळेतले पोरसुद्धा सांगेल. तिथे पंचाचे काय काम?

पण नेमबाजीच्या सामन्यांचा इतिहास वाचला म्हणजे निराळेच दिसते. पाटीवरची खूण खोटे बोलत नाही हे खरे; पण ती सगळे सांगतही नाही. गोळी कुठे लागली, एवढेच ती सांगते. ती कोणाची होती, एक होती की दोन, किती वेळात सुटली, हे त्या खुणेला काय ठाऊक? ते माणसालाच ठरवावे लागते. आणि माणसाने ठरवायचे म्हटले की न्यायाचा प्रश्न आलाच.

पहिली गोष्ट १८७४ सालची. त्याच्या आदल्या वर्षी आयर्लंडच्या नेमबाजांनी विंबल्डनच्या मैदानावर इंग्लंड आणि स्कॉटलंड यांना मागे टाकून मानाची एल्को ढाल जिंकली होती. त्या जोरावर त्यांनी अमेरिकेला आव्हान दिले. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा सराव तेव्हा नुकता सुरू झाला होता. न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर येथे नवीन चांदमारीचे मैदान तयार होऊन जेमतेम वर्ष झाले होते. तरी आव्हान स्वीकारले गेले. अटी अगोदरच ठरल्या. प्रत्येक संघात सहा नेमबाज. ८००, ९०० आणि १००० यार्डांवरून प्रत्येकाने पंधरा-पंधरा गोळ्या झाडायच्या. मध्यावर लागली तर चार गुण. म्हणजे एका संघाच्या २७० गोळ्या आणि जास्तीत जास्त १०८० गुण. आयरिश नेमबाजांनी डब्लिनच्या रिग्बी यांनी बनवलेल्या, तोंडाकडून ठासायच्या रायफली वापरायच्या. अमेरिकनांनी आपल्या देशात बनलेल्या, मागून काडतूस भरायच्या.

२६ सप्टेंबर १८७४ रोजी सामना झाला. हजार यार्ड म्हणजे नऊशे मीटरांहून थोडे अधिकच. इतक्या लांबून पाहणाऱ्याला पाट्या सगळ्या सारख्याच दिसतात. त्या काळी पाट्या लोखंडी असत. गोळी आदळली की शिशाचा डाग उठे. पाटीजवळचा माणूस तबकडी दाखवून गुण कळवी आणि रंग फासून डाग बुजवी.

आयरिश संघात मिल्नर नावाचे एक नाणावलेले नेमबाज होते. त्यांनी एक गोळी झाडली आणि ती बरोबर मध्यावर बसली. पण कोणत्या पाटीच्या? शेजारच्या! नेम बिनचूक, पाटी चुकलेली. पंचांनी त्या गोळीला शून्य गुण दिले.

पुढे काय झाले ते ऐका. आयरिश संघाच्या साऱ्या गोळ्या संपल्या तेव्हा त्यांचे ९३१ गुण झाले होते. अमेरिकेचे ९३० होते आणि एकच गोळी शिल्लक होती. ती झाडायची होती कर्नल जॉन बोडाइन यांना. थोड्याच वेळापूर्वी जिंजर बिअरची बाटली हातात फुटून त्यांचा हात कापला होता. जखमेवर रुमाल गुंडाळून ते जमिनीवर पालथे पडले, नेम धरला आणि गोळी मध्यावर घातली. चार गुण. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१.

आता जरा गणित करू. मिल्नर यांच्या त्या गोळीचे चार गुण धरले असते, तर आयर्लंडचे झाले असते ९३५. म्हणजे एका गुणाने पारडे फिरले असते! मैदान अमेरिकेचे, जमलेले लोक अमेरिकेचे, आणि पाहुण्यांना शून्य. एखाद्या फडात एवढ्यावरून काठ्या निघाल्या असत्या. इथे तसे झाले नाही. उलट आयरिश संघाचे प्रमुख मेजर लीच यांनी या भेटीची आठवण म्हणून अमेरिकन नेमबाजांना चांदीचे पात्र दिले, आणि पुढे त्याच लीच चषकासाठी तिथे सामने होऊ लागले.

कुणी विचारील, "अहो, पण गोळी तर मध्यावरच लागली होती ना? मग शून्य का?" प्रश्न रास्त आहे. पण क्षणभर उलट बाजूने विचार करा. दुसऱ्याच्या पाटीवरची खूण आपली म्हणून मागता येते, असे एकदा मान्य केले की प्रत्येक खुणेवर भांडण उभे राहील. ज्याची गोळी आकाशात गेली तोही शेजारच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणेल, "ती माझीच." म्हणून आपली पाटी ओळखणे हा नेमाचाच भाग आहे असे नेमबाजीने ठरवले. नियम कडक खरा, पण यजमानाला आणि पाहुण्याला सारखाच.

या नियमाची कसोटी १३० वर्षांनी पुन्हा लागली. २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत अमेरिकेचे मॅथ्यू एमन्स तीन गुणांनी पुढे होते. शेवटची गोळी उरली होती. साधारण नेम साधला असता तरी सुवर्णपदक त्यांचे होते. त्यांनी गोळी झाडली आणि समोरच्या पडद्यावर काहीच उमटले नाही! आता पाट्या लोखंडी नव्हत्या, विजेवर चालणाऱ्या होत्या. यंत्र बिघडले असावे असे एमन्स यांना वाटले. पंचांनी तपास केला, आपसात विचारविनिमय केला आणि निर्णय सांगितला : गोळी शेजारच्या ऑस्ट्रियन नेमबाजाच्या पाटीवर लागली आहे, गुण शून्य. पहिल्या क्रमांकावरचा माणूस आठव्यावर गेला आणि सुवर्णपदक चीनच्या जिया झानबो यांना मिळाले. यंत्र आले तरी 'गोळी कोणाची?' हा प्रश्न पंचांनाच सोडवावा लागला, बरं का! याच क्रीडाप्रकारात २०२४ साली पॅरिसला आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक मिळवले. तेव्हा हा नियम काही परक्यांचा राहिलेला नाही.

आतापर्यंतची नेमबाजी जागच्या जागी राहून करायची. आता दुसरा प्रकार पाहू. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अमेरिकेत जेफ कूपर आणि त्यांच्या सोबत्यांनी पिस्तुलाचे निराळे सामने सुरू केले. त्यांत नेमबाज एका जागी उभा राहत नाही. तो धावतो, आडोशाआडून नेम धरतो, वेगवेगळ्या पाट्यांवर भराभर गोळ्या झाडतो. यालाच प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. १९७६ साली मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. अचूकता, शक्ती आणि वेग हे तिचे ब्रीद.

या खेळात गुणांना वेळेने भागतात. समजा, एकाने ६० गुण १२ सेकंदांत मिळवले, भागाकार ५. दुसऱ्याने ५० गुण ८ सेकंदांत मिळवले, भागाकार सव्वासहा. कमी गुण मिळवूनही दुसरा पुढे. पण घाई करून पाटी चुकली तर वरून दहा गुण कापतात. म्हणजे उतावीळपणालाही दंड आहे आणि रेंगाळण्यालाही.

इथे पंचाचे काम किती वाढते पाहा. तो नेमबाजाच्या पाठोपाठ चालतो. त्याच्या हातातले वेळेचे यंत्र गोळीचा आवाज टिपते. ते जवळ धरले नाही तर शेवटची गोळी नोंदली जाणार नाही. यंत्राने दगा दिला तर पंचाने अंदाजाने वेळ लिहायची नाही. नेमबाजाला तो डाव पुन्हा खेळू द्यायचा. मग पाट्या तपासायच्या. सहसा एका पुठ्ठ्याच्या पाटीवर दोन गोळ्या मारायच्या असतात. भोक एकच दिसले तर? नेमबाज म्हणतो, "दोन्ही एकातूनच गेल्या." खरेच गेल्या असतील, किंवा एक भलतीकडे गेली असेल. अशा वेळी पंच गोळीच्या आकाराची वर्तुळे काढलेली पारदर्शक पट्टी भोकावर ठेवतो आणि दुसऱ्या गोळीची कड कुठे दिसते का ते पाहतो. दिसली तर दोन, नाहीतर एक. शिवाय आधीच्या खेळाडूची भोके चिकटपट्टीने बुजवायची राहून गेली असतील आणि कोणते भोक कोणाचे हे कळेनासे झाले, तर पुन्हा डाव. पंचांच्या चुकीचा भुर्दंड खेळाडूला नाही.

शक्तीचेही तसेच. हलके काडतूस वापरले तर पिस्तुलाला धक्का कमी बसतो आणि काम सोपे होते. म्हणून खेळाडूंची काडतुसे मधूनच मागून घेऊन गोळीचे वजन आणि वेग मोजतात. जोरदार काडतुसाला बाजूच्या नेमाचे गुण थोडे अधिक मिळतात.

पंचाचा निर्णय पटला नाही तर वरच्या पंचाकडे जाता येते. तरीही समाधान झाले नाही, तर शुल्क भरून तीन जणांच्या समितीपुढे तक्रार मांडता येते, आणि ज्यांनी मूळ निर्णय दिला त्यांना त्या समितीत बसता येत नाही. तक्रार खरी ठरली तर शुल्क परत. मात्र एका बाबतीत पंचाची नजर जवळजवळ अखेरची असते. पिस्तुलाची नळी ठरलेल्या मर्यादेबाहेर वळली किंवा भरलेले पिस्तूल हातातून पडले, तर खेळाडू तिथेच बाद, मग तो नवखा असो की जगज्जेता. कारण तिथे पदकापेक्षा माणसाचा जीव मोठा.

एवढी सत्ता ज्याच्या हाती दिली, त्याच्यावर विश्वास का ठेवायचा? तो चुकत नाही म्हणून नव्हे, पंचही माणूसच. विश्वास ठेवायचा तो यासाठी, की नियम सामन्यापूर्वी सांगितलेला असतो, खूण बुजवण्यापूर्वी खेळाडूला दाखवतात, आणि दाद मागायला जागा असते. ही तीन पथ्ये पाळली की हरलेल्याला दुःख होते, पण अन्याय झाला असे वाटत नाही.

अखेर एक छोटी हकिगत सांगतो. १९७६ सालच्याच माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये रायफलच्या एका स्पर्धेत लॅनी बॅशम आणि मार्गारेट मर्डॉक या दोघा अमेरिकनांचे गुण सारखे झाले, प्रत्येकी ११६२. त्या काळी या स्पर्धेत स्त्री-पुरुष एकत्र उतरत. बरोबरी सोडवण्याच्या नियमाने सुवर्णपदक बॅशम यांना गेले. दोघांनाही सुवर्ण द्यावे, ही त्यांची विनंती नियमात बसली नाही. मग राष्ट्रगीताच्या वेळी बॅशम यांनी मर्डॉकबाईंना हात देऊन आपल्या शेजारी सर्वांत वरच्या पायरीवर उभे केले. नियमाने आपले काम केले. उरलेले माणसाने केले.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या शाळेच्या मैदानावर बंदुका नसतात. कबड्डी असते, लंगडी असते, लांब उडी असते. पण वाळूत उमटलेली टाच पुसण्यापूर्वी ती मुलाला दाखवायची की नाही, हा प्रश्न तोच आहे. ती अवश्य दाखवा. आपली उडी कुठे पडली हे ज्या मुलाने स्वतः पाहिले, ते हरल्यावरही पंचाला दोष देणार नाही, आणि उद्या स्वतः पंच झाले की दुसऱ्याची टाच नीट मोजील.